बटण दाबलं की गाणं तयार होतं का? सिंथ-पॉप घडवणारे प्रोड्यूसर मार्टिन रशंट यांची गोष्ट

'डोन्ट यू वॉन्ट मी' हे गाणं नावानं आठवत नसेल, पण कानावरून गेलं असण्याची शक्यता मोठी आहे. ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांची कुठलीही प्लेलिस्ट काढा, त्यात ते सापडतंच. सुरुवातीला सिंथेसायझरची जड, ठेक्यात चालणारी धून, मग एका पुरुषाचा खर्जातला आवाज, आणि दुसऱ्या कडव्यात त्याला सडेतोड उत्तर देणारी मुलगी.

१९८१ च्या ख्रिसमसला हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये ते अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर गेलं. गंमत म्हणजे या गाण्यात ड्रम वाजवणारा माणूसच नाही. ठेका यंत्राचा, बास यंत्राचा, बाकीचे सूरही यंत्रांचे. माणसांचे आहेत ते फक्त गळे.

त्यामुळे तेव्हा अनेकांनी एक सोपा निष्कर्ष काढला. यंत्रात काहीतरी भरायचं, बटण दाबायचं आणि गाणं तयार! यात कसली आलीये कला?

आज संगणकाने बनवलेल्या गाण्यांबद्दल सोशल मीडियावर जे वाद होतात, त्यातलेही बरेचसे प्रश्न हेच असतात. म्हणूनच हे गाणं ज्यांच्या हातून घडलं त्या माणसाची कारकीर्द बघायला हवी. त्यांचं नाव मार्टिन रशंट. गाण्याच्या व्हिडिओत ते कुठे ठळकपणे मिरवत नाहीत, पण त्यांच्याशिवाय ते गाणं आज ऐकतो तसं झालं नसतं.

आधी हे समजून घ्या : रेकॉर्ड प्रोड्यूसर म्हणजे कोण?

आपल्याकडे 'प्रोड्यूसर' म्हटलं की सिनेमात पैसे घालणारा निर्माता डोळ्यासमोर येतो. पाश्चात्त्य संगीतातला रेकॉर्ड प्रोड्यूसर तसा नसतो.

बँडने गाणं लिहिलेलं असतं, चाल बांधलेली असते. पण ते रेकॉर्ड कसं होणार, कुठलं वाद्य कधी येणार, कुठलं काढून टाकायचं, गायकाने पुन्हा गावं की झालेला टेक ठेवावा, शेवटी सगळे आवाज कोणत्या प्रमाणात मिसळायचे, हे ठरवण्याची जबाबदारी प्रोड्यूसरची. आपल्या सिनेसंगीतातला संगीत संयोजक, रेकॉर्डिस्ट आणि थोडाफार दिग्दर्शक, अशा तिघांची कामं एकाच माणसात आली तर जे होईल, साधारण ते.

सिंथ-पॉपमध्ये हे काम आणखी वाढलं. सिंथ-पॉप म्हणजे ज्या पॉप गाण्यांचा मुख्य आधार गिटार आणि ड्रम नसून सिंथेसायझर असतो, ती गाणी. हा प्रकार सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये जोरात आला. यात वादकाच्या जागी यंत्र आलं. आणि त्या यंत्राला काय वाजवायचं ते सांगणारा माणूस बहुतेक वेळा प्रोड्यूसरच्या खुर्चीत बसलेला असायचा.

स्टुडिओत शिरले ते प्रोजेक्टर चालवायला

मार्टिन रशंट यांचा जन्म ११ जुलै १९४८ चा, लंडनच्या उत्तरेला असलेल्या एनफिल्डमधला. शाळेत असताना ते एका बँडमध्ये होते आणि त्या निमित्ताने त्यांनी रेकॉर्डिंग स्टुडिओ पहिल्यांदा आतून पाहिला. काचेपलीकडे बसून आवाज पकडणाऱ्या माणसांचं काम त्यांच्या मनात बसलं.

पुढे लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत त्यांना नोकरी मिळाली. पण कामाला सुरुवात संगीतापासून झाली नाही. तिथे चित्रपटांसाठीही रेकॉर्डिंग व्हायचं आणि रशंट यांच्याकडे काम आलं ३५ मिलिमीटर फिल्मचा प्रोजेक्टर चालवण्याचं.

तिथून ते टेप ऑपरेटर झाले, मग साउंड इंजिनिअर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टी. रेक्स या बँडच्या 'इलेक्ट्रिक वॉरियर'सारख्या अल्बमच्या कामात ते होते. जेंटल जायंट या बँडचा 'ऑक्टोपस' हा १९७२ चा अल्बमही त्यांनी इंजिनिअर म्हणून रेकॉर्ड केला. जेंटल जायंटचं संगीत म्हणजे अनेक वाद्यं, सतत बदलणारे ताल, एकात एक गुंफलेले आवाज. असं रेकॉर्डिंग करताना कान आणि हात दोन्ही तयार होतात.

त्या काळात रेकॉर्डिंग चुंबकीय टेपवर व्हायचं. चूक झाली तर 'अनडू' नाही. दोन टेकमधले चांगले भाग जोडायचे असतील तर टेप ब्लेडने कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची. हे ब्लेडचं काम रशंट यांच्या हातात पक्कं बसलं. ते पुढे फार कामाला येणार होतं.

पंकच्या लाटेत नाव झालं

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर रशंट प्रोड्यूसर म्हणून काम करू लागले आणि युनायटेड आर्टिस्ट्स या रेकॉर्ड कंपनीशी जोडले गेले. नेमकं तेव्हाच ब्रिटनमध्ये पंक आलं. पंक म्हणजे वेगवान, रागीट, तीन-चार कॉर्डमध्ये संपणारी गाणी. आदल्या पिढीच्या भव्य, नक्षीदार रॉकवरचा तो संताप होता.

जेंटल जायंटसारख्या अवघड संगीताचं रेकॉर्डिंग केलेला माणूस या मुलांचं काय करणार, असं वाटू शकतं. पण रशंट यांचं इथेच नाव झालं.

द स्ट्रँग्लर्स या बँडचे पहिले तीन स्टुडिओ अल्बम त्यांनी प्रोड्यूस केले : 'रॅटस नॉर्वेजिकस' आणि 'नो मोअर हीरोज' (दोन्ही १९७७) आणि 'ब्लॅक अँड व्हाइट' (१९७८). पहिला अल्बम ब्रिटनच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेला, पुढचे दोन दुसऱ्या. मँचेस्टरच्या बझकॉक्सचे अल्बमही त्यांनीच केले. बझकॉक्सचं 'एव्हर फॉलन इन लव्ह' हे १९७८ चं गाणं आजही त्या काळातल्या सर्वोत्तम गाण्यांमध्ये गणलं जातं. त्याचे प्रोड्यूसरही रशंटच.

या रेकॉर्ड्समध्ये गाण्यांचा राग तसाच राहिला, पण प्रत्येक वाद्य स्वच्छ ऐकू यायला लागलं. बास कुठे आहे, गिटार कुठे आहे, हे ओळखता येत होतं. आवाजांच्या मध्ये मोकळी जागा ठेवायची, ही त्यांची सवय पंकच्या गोंगाटातही सुटली नाही.

घराच्या आवारात स्टुडिओ, खिशाला भोक

१९७९ च्या सुमारास रशंट यांनी स्वतःचं काहीतरी सुरू करायचं ठरवलं. रडार रेकॉर्ड्स या कंपनीच्या आधाराने 'जेनेटिक' नावाचं लेबल काढायचा बेत होता. या लेबलसाठी त्यांनी १९७९ च्या मार्चमध्ये जॉय डिव्हिजन या नव्या बँडची काही गाणी लंडनच्या ईडन स्टुडिओत रेकॉर्ड केली. जॉय डिव्हिजनने शेवटी मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सची वाट धरली आणि पुढे तो बँड दंतकथा बनला.

रडारचा डोलाराही फार काळ टिकला नाही. आधार गेला, पण रशंट यांनी स्टुडिओचा हट्ट सोडला नाही. बर्कशायरमधल्या स्ट्रीटली इथे त्यांनी घराच्या आवारातच 'जेनेटिक' स्टुडिओ उभा केला. आणि त्यात त्यांनी भरली ती त्या काळातली सगळ्यात नवी आणि सगळ्यात महागडी इलेक्ट्रॉनिक यंत्रं.

हा शुद्ध जुगार होता. तेव्हा गाजत होती ती गिटारवाली गाणी आणि त्यांचं स्वतःचं नावही गिटारवाल्या बँडमुळेच झालेलं.

पहिला प्रयोग जवळच्याच माणसावर झाला. १९८१ च्या सुरुवातीला बझकॉक्सचे गायक पीट शेली नव्या अल्बमच्या तयारीसाठी जेनेटिकमध्ये आले. बँडचं गाडं अडलेलं होतं. मग रशंट आणि शेली या दोघांनीच सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन गाणी करायला घेतली. त्यातून 'होमोसेपियन' हे गाणं आणि त्याच नावाचा अल्बम झाला. बझकॉक्स फुटला. समलिंगी प्रेमाच्या उल्लेखामुळे बीबीसीने ते गाणं वाजवायला नकार दिला, त्यामुळे ब्रिटनमध्ये ते मोठं हिट झालं नाही.

पण त्यातला आवाज रेकॉर्ड कंपन्यांमधल्या लोकांच्या कानावर गेला होता. व्हर्जिन रेकॉर्ड्सचे सायमन ड्रेपर यांच्याकडे नेमका असाच आवाज हवा असलेला एक बँड अडकून पडला होता.

अर्धा फुटलेला बँड

त्या बँडचं नाव द ह्युमन लीग. गाव शेफील्ड, म्हणजे इंग्लंडमधलं पोलादाच्या कारखान्यांचं शहर. सुरुवातीपासून फक्त सिंथेसायझर वापरायचा हा बँड. समीक्षक कौतुक करायचे, पण रेकॉर्ड खपत नव्हत्या.

१९८० च्या ऑक्टोबरमध्ये बँड फुटला. मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श हे दोघे, म्हणजे खरं तर बँडमधलं वाजवणारं डोकं, बाहेर पडले आणि त्यांनी पुढे हेवन १७ हा बँड काढला. मागे राहिले गायक फिलिप ओकी आणि स्टेजवर स्लाइड दाखवणारे एड्रियन राइट. डोक्यावर ठरलेला दौरा, खिशात कर्ज.

ओकी यांनी शेफील्डच्या क्रेझी डेझी नावाच्या नाइटक्लबमध्ये नाचणाऱ्या दोन मैत्रिणींना बँडमध्ये घेतलं. जोअ‍ॅन कॅथरल आणि सुझन ॲन सली. दोघी अजून शाळेत शिकत होत्या, गाण्याचा अनुभव शून्य. नंतर बासवादक इयन बर्डन आणि द रेझिलोज या पंक बँडचे गिटारिस्ट जो कॅलिस आले. कॅलिस यांना सिंथेसायझर हातात घेऊन नव्याने शिकावं लागलं.

शेफील्डमध्ये बँडचा जो स्टुडिओ होता, तोच फुटून निघालेले हेवन १७ वालेही वापरत होते. एक गट दिवसा, एक गट रात्री! अशा वातावरणात काही होणं कठीण होतं. म्हणून सगळी वरात रशंट यांच्या जेनेटिकमध्ये हलली.

पहिलं काम होतं 'द साउंड ऑफ द क्राउड'. बँडने त्याचं रेकॉर्डिंग आधीच करून आणलेलं. ते थोडं घासूनपुसून मिळेल, अशी त्यांची अपेक्षा. रशंट यांनी मात्र ते बाजूला ठेवून गाणं नव्याने उभं करायला घेतलं. १९८१ च्या एप्रिलमध्ये ते बाहेर आलं आणि १२ व्या क्रमांकापर्यंत गेलं. ह्युमन लीगला एवढं यश आधी कधीच मिळालं नव्हतं. पुढची 'लव्ह ॲक्शन' तिसऱ्या आणि 'ओपन युवर हार्ट' सहाव्या क्रमांकावर पोचली.

यंत्र नेमकं वाजायचं कसं?

आता मुद्द्याचं. 'बटण दाबलं की गाणं' हा समज किती खरा होता, ते जेनेटिकमधली दोन यंत्रं बघितली की कळतं.

पहिलं, लिन एलएम-१. अमेरिकेत रॉजर लिन यांनी बनवलेलं हे ड्रम मशीन १९८० मध्ये बाजारात आलं. त्याआधीची ड्रम मशीन टिकटिक, फसफस असे कृत्रिम आवाज काढायची. लिनमध्ये खऱ्याखुऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज चिपमध्ये साठवलेले होते. किंमत जवळपास पाच हजार डॉलर. एकूण बनली जेमतेम पाचशेच्या आसपास. शिवाय त्यात मोठ्या झांजांचा आवाजच नव्हता, कारण त्या काळच्या महागड्या मेमरीत एवढा लांब घुमणारा आवाज मावणं अवघड. मशीनमध्ये जे नाही त्याची उणीव भासणार नाही, असा ठेका बांधणं हे प्रोड्यूसरचं काम.

दुसरं, रोलँड एमसी-८ मायक्रोकंपोझर. हे १९७७ चं जपानी यंत्र. स्वतः आवाज काढत नाही, फक्त सिंथेसायझरला 'आता हा सूर वाजव' असा हुकूम देतं. आणि तो हुकूम द्यायचा आकड्यांमध्ये. यंत्राला पियानोसारख्या पट्ट्या नाहीत, कॅल्क्युलेटरसारखी आकड्यांची बटणं आहेत. प्रत्येक सुरासाठी मुख्यतः तीन गोष्टी सांगायच्या : सूर कोणता, पुढचा सूर किती वेळाने यायचा, आणि हा सूर किती वेळ धरून ठेवायचा.

याचा हिशोब करून बघा. मिनिटाला १२० ठोके असलेलं गाणं घ्या. प्रत्येक ठोक्यात बासचे चार सूर. म्हणजे एका मिनिटात ४८० सूर. कुठलाही भाग पुन्हा वापरला नाही, तर एका मिनिटाच्या एकाच बासच्या ओळीसाठी १,४४० आकडे टाइप करायचे. पडद्यावर लाटांचं चित्र नाही, माउस नाही. टाकलेलं सगळं कॅसेटवर साठवून ठेवायचं. एक आकडा चुकला की सूर चुकला, आणि चूक कुठे झाली ते कानाने शोधायचं.

पुन्हा ही यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची. सगळ्यांना एका भाषेत बोलायला लावणारी 'मिडी' ही पद्धत १९८३ मध्ये आली. तोवर प्रत्येक यंत्राला टेपच्या वेगाशी जुळवून चालवणं ही स्वतंत्र डोकेदुखी होती.

या कामात रशंट यांच्यासोबत डेव्ह ॲलन हे तरुण सहायक होते. पुढे त्यांनी द क्युअर या प्रसिद्ध बँडचे अल्बम प्रोड्यूस केले.

म्हणजे वादकाच्या हातातून काम गेलं खरं, पण ते संपलं नाही. ते आकडे भरणाऱ्याच्या टेबलावर आलं. आणि एवढं करून गाणं कोरडं, लष्करी कवायतीसारखं वाटू नये याची काळजी वेगळीच. कुठला आवाज लहान तोडायचा, कुठला लांबवायचा, कुठे काहीच वाजवायचं नाही, हे कुठलंही यंत्र सांगत नव्हतं. पंकच्या काळात रशंट आवाजांच्या मध्ये जी मोकळी जागा ठेवायचे, तीच इथेही ऐकू येते.

जे गाणं गायकालाच नको होतं

१९८१ च्या ऑक्टोबरमध्ये 'डेअर' हा अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. कव्हरवर प्रोड्यूसर म्हणून मार्टिन रशंट आणि ह्युमन लीग अशी नावं होती.

या अल्बमचं सगळ्यात शेवटचं गाणं होतं 'डोन्ट यू वॉन्ट मी'. शेवटी टाकण्याचं कारण साधं होतं. फिलिप ओकी यांना ते आवडत नव्हतं.

ओकी यांच्या डोक्यात हे गाणं जास्त कठोर होतं. रशंट आणि जो कॅलिस यांनी अंतिम मिक्स करताना ते मऊ, अधिक पॉप केलं. त्यावरून जोरात वाद झाले. ओकी यांच्या मते हे अल्बममधलं सगळ्यात कमकुवत गाणं होतं.

अल्बममधली तीन गाणी आधीच सिंगल म्हणून बाजारात आलेली. तरी व्हर्जिनच्या सायमन ड्रेपर यांनी हट्ट धरला की चौथं सिंगल हेच काढायचं. ओकी शेवटी तयार झाले, पण सोबत मोठं रंगीत पोस्टर फुकट द्या, असं त्यांनी सांगितलं. आधीच विकलेल्या अल्बममधलं असं गाणं पुन्हा विकत घ्यायला लावलं, तर लोकांना फसवल्यासारखं वाटेल, ही त्यांची भीती.

नोव्हेंबरच्या शेवटी सिंगल आलं. पाच आठवडे पहिला क्रमांक. १९८१ मधलं ब्रिटनमधलं सगळ्यात जास्त खपलेलं सिंगल. एकट्या ब्रिटनमधला खप पुढे पंधरा लाखांच्या वर गेला.

अमेरिकेत एमटीव्ही हे चॅनेल नुकतंच, १९८१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेलं. स्टीव्ह बॅरन यांनी दिग्दर्शित केलेला या गाण्याचा व्हिडिओ तिथे सतत वाजला आणि १९८२ च्या जुलैमध्ये गाणं अमेरिकेत सलग तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्यानंतर ब्रिटनचे सिंथ-पॉप बँड अमेरिकेच्या यादीत रांगेने घुसले.

१९८२ च्या ब्रिट पुरस्कारांमध्ये सर्वोत्तम ब्रिटिश प्रोड्यूसरचा पुरस्कार रशंट यांना मिळाला.

ब्लेड, टेप आणि 'लव्ह अँड डान्सिंग'

बहुतेक लोक इथे थांबले असते. रशंट यांनी मात्र 'डेअर'च्या टेप पुन्हा बाहेर काढल्या.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा हिप-हॉप आकार घेत होतं. ग्रँडमास्टर फ्लॅशसारखे डीजे दोन रेकॉर्डमधले तुकडे हाताने एकमेकांत मिसळून तिसरंच काहीतरी तयार करायचे. हेच आपण स्टुडिओत, आपल्याच गाण्यांवर केलं तर?

त्यातून १९८२ च्या जुलैमध्ये 'लव्ह अँड डान्सिंग' हा अल्बम आला. बँडचं नाव दिलं 'द लीग अनलिमिटेड ऑर्केस्ट्रा', बॅरी व्हाइट यांच्या 'लव्ह अनलिमिटेड ऑर्केस्ट्रा'ला केलेला सलाम. 'डेअर'चीच गाणी, पण बहुतेक ठिकाणी गायन काढून टाकलेलं, ठेके लांबवलेले, आवाज मागेपुढे केलेले, मध्येच एखादा शब्द अडखळल्यासारखा पुन्हा पुन्हा येणारा.

हा अडखळणारा आवाज आज फोनवरच्या ॲपमध्ये एका टिचकीत मिळतो. तेव्हा तो मिळवायला टेप कापावी लागायची. टेप सेकंदाला १५ इंच वेगाने फिरते असं धरा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका म्हणजे अर्धा सेकंद, म्हणजे साडेसात इंच टेप. त्याचा एक चतुर्थांश हवा असेल तर दोन इंचांपेक्षाही छोटा तुकडा. तो मोजायचा, ब्लेडने कापायचा, चिकटवायचा, ऐकायचा. मिलिमीटरभर चुकलं तरी जोड जाणवू शकते. या अल्बममध्ये असे जोड दोन हजारांच्या वर असल्याचं सांगितलं जातं.

प्रोजेक्टर आणि टेप मशीन सांभाळत शिकलेला हात इथे कामाला आला. अल्बम ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला. संपूर्ण अल्बमच रिमिक्स करून स्वतंत्रपणे विकता येतो, हे लोकप्रिय संगीतात ठसवणाऱ्या सुरुवातीच्या कामांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं.

'यंत्रांवर बंदी घाला!'

त्याच वर्षी, म्हणजे १९८२ मध्ये, ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनच्या वापरावर बंदी आणावी, असा ठराव केला. बॅरी मॅनिलो यांच्या दौऱ्यात वाद्यवृंदाऐवजी सिंथेसायझर वापरल्याचं निमित्त झालं होतं.

या ठरावाची आज थट्टा होते. पण त्यामागची भीती खोटी नव्हती. स्टुडिओत रोजंदारीवर व्हायोलिन किंवा ड्रम वाजवून घर चालवणाऱ्या वादकांची कामं खरोखर कमी होत होती. आपल्याकडेही कीबोर्ड आणि संगणक आल्यावर सिनेसंगीतातले मोठे वाद्यवृंद आटत गेले आणि कितीतरी वादकांच्या हातचं काम गेलं. 'यंत्र आलं तरी कला टिकते' हे म्हणणं सोपं असतं, पण ज्याचं काम जातं त्याच्यासाठी ते पुरेसं उत्तर नाही.

आणि यंत्र आणणाऱ्याचं तरी सगळं सुरळीत होतं का? तर नाही.

वर चढलेला आलेख खाली कसा आला?

'डेअर'नंतर रशंट आणि ह्युमन लीग यांनी दोन मोठी हिट दिली, 'मिरर मॅन' (१९८२) आणि 'कीप फीलिंग फॅसिनेशन' (१९८३). दोन्ही ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेली.

पण पुढचा अल्बम होईना. 'डेअर'पेक्षा मोठं काहीतरी करायचं दडपण, महिनोन् महिने लांबत चाललेलं रेकॉर्डिंग, वाढता खर्च आणि रोजची कुरबुर. एका भांडणानंतर रशंट यांनी काम सोडलं. अल्बम ह्यू पॅडगम आणि ख्रिस थॉमस या दुसऱ्या प्रोड्यूसरनी पुरा केला आणि तो १९८४ मध्ये आला. नाव होतं 'हिस्टेरिया'. स्टुडिओतल्या त्या दिवसांचीच ती आठवण.

१९८४ मध्येच अमेरिकेच्या द गो-गोज या मुलींच्या बँडचा 'टॉक शो' हा अल्बम रशंट यांनी केला. त्यातलं 'हेड ओव्हर हील्स' अमेरिकेत ११ व्या क्रमांकापर्यंत गेलं. पण त्यानंतर कामाचा ओघ आटला.

कारणं एकात एक अडकलेली होती. घटस्फोट झाला. नैराश्याचा आजार जडला, ज्याबद्दल ते पुढे मोकळेपणाने बोलले. मोठा स्टुडिओ चालवायचा तर काम सतत यावं लागतं, ते येईना. जेनेटिक हातचा गेला. मुलांना वाढवण्यासाठी त्यांनी संगीतापासून बराच काळ लांब राहणं पत्करलं.

शिवाय जी यंत्रं त्यांनी खिसा रिकामा करून घेतली होती, तसली यंत्रं दशक संपेपर्यंत कितीतरी स्वस्त झाली. १९८१ मध्ये ज्याच्यासाठी खास जेनेटिकला यावं लागायचं, ते नंतर मुलं बेडरूममध्ये करू लागली. वादकांची कामं ज्या लाटेने नेली, तीच लाट मोठ्या स्टुडिओंच्याही अंगावर आली.

१९९० मध्ये ते ह्युमन लीगसाठी पुन्हा कन्सोलवर बसले. 'रोमँटिक?' या अल्बमच्या काही गाण्यांवर त्यांनी काम केलं. त्यातलं 'हार्ट लाइक अ व्हील' ब्रिटनमध्ये २९ व्या क्रमांकावर थांबलं. जुनी जादू परत आली नाही.

परत आले, संगणक घेऊन

दोन हजारच्या दशकात रशंट घरातल्या छोट्या स्टुडिओत पुन्हा काम करू लागले. आता टेप नव्हती, ब्लेड नव्हतं, सगळं संगणकावर. तरुण बँडबरोबर ते काम करायचे. २०१० मध्ये आलेला द पिपेट्स या बँडचा 'अर्थ व्हर्सेस द पिपेट्स' हा अल्बम त्यांनी प्रोड्यूस केला. त्यांचा मुलगा जेम्स रशंट हाही इलेक्ट्रॉनिक संगीतातला, 'डझ इट ऑफेंड यू, येह?' या बँडचा गायक.

४ जून २०११ रोजी बर्कशायरमधल्या राहत्या घरी मार्टिन रशंट यांचं निधन झालं. वय ६२. शेवटच्या काळात ते 'डेअर'वर पुन्हा काम करत होते. तीच गाणी या वेळी खऱ्या वाद्यांवर नव्याने उभी करण्याचा त्यांचा प्रयत्न चालू होता.

ज्या माणसाने गाण्यातून वादक काढून टाकले असा आरोप झाला, तो तीस वर्षांनी त्याच गाण्यांत वादक परत आणत होता. यात विरोधाभास वाटेल. पण त्यांची कारकीर्द सलग पाहिली तर तसं वाटत नाही. पंक असो, सिंथेसायझर असो की गिटार, गाण्याला काय हवं ते ऐकायचं आणि हातात असलेल्या साधनातून ते काढायचं, हेच काम ते चाळीस वर्षं करत होते.

पुढच्या वेळी प्लेलिस्टमध्ये 'डोन्ट यू वॉन्ट मी' लागलं तर ठेक्याकडे जरा लक्ष द्या. ड्रम यंत्राचे आहेत, पण त्यात मोठी झांज कुठेच वाजत नाही. आणि आवाजांच्या मधली शांतता? ती कुठल्याच मशीनमध्ये भरलेली नव्हती. ती ठेवायची हे बर्कशायरमधल्या त्या स्टुडिओत बसलेल्या माणसाने ठरवलं होतं.